खेळाच्या खोक्यात मराठीतला नियमांचा कागद हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर ३१ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो आणि आता घराच्या ओसरीत गावातल्या मुलांसाठी लहानसे वाचनालय चालवतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमच्या ओसरीत बुद्धिबळाचा एकच पट होता. त्यातला एक घोडा हरवला होता आणि मुले त्याच्या जागी सुपारी ठेवून खेळत. त्या आठवड्यात पटाभोवती इतकी गर्दी झाली की मी यवतमाळला जाऊन बुद्धिबळाचे आणखी दोन संच आणले आणि दुकानदाराने मोठ्या कौतुकाने दाखवलेला एक नवा बैठा खेळही घेतला.

त्या नव्या खेळाचे खोके दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरंजीवर उघडले. आत रंगीत घडीचा पट, चार रंगांची प्यादी, दोन फासे, चिठ्ठ्यांचे दोन जाड गठ्ठे आणि एक नियमपुस्तिका होती. पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढे होते. सहावीतली एक मुलगी ती वाचायला पुढे सरसावली. शब्दाखाली बोट ठेवून ती ‘प्लेअर’, ‘टर्न’, ‘कार्ड’ असे वाचत गेली, बाकीची मुले श्वास रोखून ऐकत होती आणि दुसऱ्या ओळीतल्या ‘फॉरफीट’ या शब्दापाशी तिचे बोट थांबले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “गुर्जी, हे इंग्रजीत हाय, आमाले कसं समजन?” मी चष्मा पुसून, शब्दकोश काढून अर्थ लावू लागलो, पण पहिले पान होईस्तोवर मुलांनी फासे टाकून आपल्या मनाने खेळ सुरू केला होता. तो खेळ दोन दिवस टिकला. चिठ्ठ्या आता पुस्तकांत खुणेसाठी वापरल्या जातात. खोक्यावरच्या पत्त्यावर मी मराठी नियमांची प्रत मागणारे पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले नाही. त्या कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण नंतर दुकानात पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक खोक्याची हीच स्थिती होती. या पत्राचा विषय तो नियमांचा कागद हाच आहे.

निवृत्तीमुळे हाताशी वेळ होता, म्हणून बैठे खेळ तयार करणारी घराणी जगात कशी उभी राहिली हे मी शोधून वाचले. मुलांच्या हातातल्या बुद्धिबळापासूनच सुरुवात झाली. आज आपण ज्या घाटाचा राजा, वजीर आणि घोडा ओळखतो, तो लंडनच्या जॅक्स या घराण्याने १८४९ मध्ये बाजारात आणला. हे घराणे १७९५ मध्ये हस्तिदंत आणि कठीण लाकूड कातण्याच्या कामातून उभे राहिले आणि त्याच कुटुंबाच्या पुढच्या पिढ्या आजही खेळ विकतात. त्यापूर्वी मोहऱ्यांचे इतके निरनिराळे घाट प्रचलित होते की परगावचा खेळाडू समोर बसला तर उंट कोणता आणि वजीर कोणता, यातच त्याचा गोंधळ होई. जॅक्स यांनी साधा, भक्कम बैठकीचा आणि पाहताक्षणी ओळखू येणारा घाट विकायला घेतला, त्या काळचे नामांकित इंग्रज खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचे नाव त्याला दिले आणि सुरुवातीच्या संचांवर स्टाँटन यांच्या हातची सही असलेला कागद लावला. १९२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने हाच घाट प्रमाण मानला. आज या घाटाच्या लाकडी मोहऱ्या अमृतसरचे कारागीर हाताने कोरतात आणि त्या जगभर जातात. बुद्धिबळाला नियमांच्या कागदाची फारशी गरज उरलेली नाही, कारण थोरला भाऊ धाकट्याला शिकवतो आणि दारव्ह्याचा नियम लंडनलाही चालतो. प्रत्येक खेळाचे नशीब मात्र इतके थोर नसते.

माझे मन खरे रमले ते रावेन्सबुर्गच्या मायर घराण्याच्या इतिहासात. रावेन्सबुर्ग हे जर्मनीच्या दक्षिण टोकाला, कॉन्स्टन्स सरोवरापासून जवळ असलेले गाव आहे. आजही त्याची वस्ती साधारण ५० हजारांच्या घरात आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. भोवताली सफरचंदाच्या बागा आणि शेतीवाडी आहे. बर्लिन तिथून फार दूर आहे. अशा गावात ऑटो रॉबर्ट मायर या पुस्तकविक्रेत्याने १८८३ मध्ये प्रकाशन संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, जगप्रवासावरचा पहिला बैठा खेळ छापला. हा माणूस खेळण्यांचा व्यापारी नव्हता, तो पुस्तकांच्या धंद्यातला होता, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुस्तकाला लेखक असतो, मजकूर तपासावा लागतो, वाचकाला समजेल अशी भाषा लागते आणि मुखपृष्ठावर प्रकाशकाचे नाव जबाबदारीने छापावे लागते. या घराण्याने खेळालाही तीच शिस्त लावली. १९०० मध्ये त्यांनी आपल्या गावाच्याच नावाने, ‘रावेन्सबुर्गर’ खेळ म्हणून, व्यापारचिन्ह नोंदवले. आडगावचे म्हणून नाव लपवावे असे त्यांना वाटले नाही. आज खोक्याच्या कोपऱ्यातला तो निळा त्रिकोण युरोपातले कोणतेही मूल ओळखते आणि ते गावही त्या त्रिकोणामुळेच जगाला माहीत झाले आहे.

१९२५ मध्ये ऑटो रॉबर्ट मायर वारले आणि काम त्यांच्या तिघा मुलांकडे, ऑटो, कार्ल आणि ऑयगेन यांच्याकडे आले. पुढे नातवंडांनी आणि नंतर पणतवंडांच्या पिढीने ते सांभाळले. मधल्या काळात त्या देशाने दोन महायुद्धे पाहिली, चलन कोसळताना पाहिले, देशाचे दोन तुकडे होताना पाहिले. १९५९ मध्ये त्यांनी जोडीची चित्रे लक्षात ठेवून उलटण्याचा ‘मेमरी’ हा खेळ काढला. तो अक्षरओळख नसलेले मूलही आजोबांबरोबर बरोबरीने खेळू शकते, किंबहुना बहुतेक वेळा तेच जिंकते. १९६४ पासून तुकडे जुळवून चित्र करण्याच्या कोड्यांचे उत्पादन सुरू झाले. संस्थेची मालकी अजूनही कुटुंबाकडेच आहे, मुख्यालय त्याच गावात आहे आणि मूळ घराच्या जागी आता संग्रहालय आहे. १९७९ मध्ये जर्मनीत ‘वर्षातला खेळ’ हा पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिला मान मिळालेला ससा-कासवाचा खेळ याच घराण्याने छापलेला होता. तो डेव्हिड पार्लेट या इंग्रज माणसाने रचला होता. या पुरस्काराचे परीक्षक खेळाची कल्पना आणि देखणेपणा यांच्याबरोबर नियम कसे लिहिले आहेत हेही तपासतात. नियम समजायला अवघड असतील तर खेळ कितीही सुंदर असला तरी तो मागे पडतो. मला हे वाचून शाळेतल्या निबंधाच्या वह्या आठवल्या. मुलाच्या मनात काय होते याला गुण देता येत नाहीत, कागदावर जे उतरले त्यालाच द्यावे लागतात.

याच देशात १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत खेळ रचणाऱ्या काही मंडळींनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या आणि खोक्यावर आपले नाव छापल्याशिवाय कोणत्याही प्रकाशकाला खेळ द्यायचा नाही, असे ठरवले. आज तिथल्या खोक्यांवर खेळाच्या नावाबरोबर रचनाकाराचेही नाव असते. शिवाय एका खोक्यातली नियमपुस्तिका जर्मन, फ्रेंच, इटालियन, डच अशा तीन-चार भाषांत छापलेली असते. डच बोलणाऱ्यांची संख्या मराठी बोलणाऱ्यांच्या निम्मीही नाही.

अमेरिकेतल्या पार्कर बंधूंची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण तिला उजळ आणि काळी अशा दोन्ही बाजू आहेत. मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावच्या जॉर्ज पार्करने १८८३ मध्ये, म्हणजे मायर यांनी संस्था काढली त्याच वर्षी, वयाच्या १६व्या वर्षी सावकारीवरच्या एका खेळाचे ५०० संच स्वतःच्या बचतीतून छापून दारोदार विकले. १८८८ मध्ये थोरला भाऊ चार्ल्स भागीदार झाला. जॉर्जची खासियत अशी की आपल्या संस्थेच्या खेळांचे नियम तो स्वतः लिहायचा. प्रश्न विचारायला लेखक समोर नसतो, हे त्याने पक्के ओळखले होते. पण १९३५ मध्ये जमीन-घरे विकत घेण्याचा ‘मोनोपॉली’ हा जो खेळ या घराण्याने काढला आणि ज्याच्यावर ते पुढे तरले, त्याचे मूळ लिझी मॅगी या बाईंच्या १९०४ सालच्या पेटंटात होते. त्यांना ५०० डॉलर मिळाले आणि पुढची कित्येक वर्षे खेळाचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो या गृहस्थांचे नाव सांगितले गेले. १९६८ मध्ये कुटुंबाने संस्था एका पिठाच्या मोठ्या कंपनीला विकली. पुढे ती या हातातून त्या हातात गेली आणि १९९१ मध्ये सेलमचा कारखाना बंद झाला. रावेन्सबुर्गमध्ये घर आणि गाव एकत्र राहिले, सेलममध्ये नाव उरले आणि गाव सुटले.

आता आपल्याकडे वळतो. खेळ विकणाऱ्या इतर काही परदेशी घराण्यांची चूल तर आपल्या पचिशीवर, म्हणजे कवड्या टाकून सोंगट्या चालवण्याच्या खेळावर, पेटली आहे. न्यूयॉर्कच्या सेल्चो अँड रायटर या संस्थेने १८७४ मध्ये ‘पार्चिसी’ हे नाव नोंदवून घेतले आणि तो खेळ शंभरावर वर्षे विकला. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये त्याच पचिशीच्या सोप्या रूपाचे ‘लुडो’ या नावाने पेटंट घेतले गेले. म्युनिकच्या योसेफ फ्रीडरिश श्मिट या गृहस्थाने १९०७-०८ च्या सुमारास आपल्या तीन मुलांसाठी घरीच पचिशी आणखी सोपी करून बसवली, १९१४ पासून तिचे मोठे उत्पादन सुरू केले आणि पहिल्या महायुद्धात ३,००० संच जखमी सैनिकांच्या रुग्णालयांना पाठवले. तिथून तो खेळ जर्मनीच्या घराघरांत पोचला. मग ‘लुडो’ म्हणून तो आपल्याकडे परत आला आणि आमची मुले तो मोबाइलवर खेळतात. त्यांना तो परका वाटतो, आणि ज्या कापडी पटावरून तो निघाला तो पट घरात कोणत्या ट्रंकेत आहे हे कोणाला ठाऊक नसते.

विदर्भाने तर या खेळाचे सुखदुःख फार आधीपासून पाहिले आहे. दमयंती विदर्भाच्या राजाची लेक. तिचे कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातले, वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर अशी आपली परंपरा आहे. तिचा नवरा नल पुष्कराशी द्यूत खेळून राज्य घालवून बसला आणि पुढे अक्षविद्या शिकून त्याने ते परत जिंकले. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी अनिरुद्धाच्या लग्नात बलरामाबरोबर द्यूताला बसला, पण डाव नक्की कोणी जिंकला यावरून दोघांचा वाद झाला आणि त्या वादात रुक्मीचा जीव गेला. ही कथा मी मुलांना सांगतो तेव्हा सगळी मुले गप्प होतात, कारण डाव कोणाचा यावरचे भांडण त्यांना रोजच्या ओळखीचे असते. आपली भाषासुद्धा पटावरच वाढली आहे. फासे उलटे पडतात, दान अनुकूल पडते, रंगात आलेला डाव मोडतो, राजकारणी माणूस सोंगट्या हलवतो आणि चोर पोबारा करतो. हा ‘पोबारा’ सारीपाटातल्या दानाचा शब्द आहे, हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची पोरेही जागी झाली होती. शब्द तोंडात राहिले, पण खेळाचे नियम आपण कुठे उतरवून ठेवले नाहीत.

माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या हेमाडपंती देवळाच्या ओट्यावर पाच-पाच घरांचा चौकोन दगडात खोदलेला होता. कडेच्या चार मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुल्या होत्या. श्रावणात दुपारी बायका तिथे अष्टा-चंगा खेळत. सोंगट्या म्हणजे फुटलेल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे, तुरीचे दाणे, खापराचे ठिकरे, ज्वारीच्या धांड्याचे बोटभर तुकडे. एकीचे दुसरीत मिसळू नयेत एवढेच पाहायचे. फासे म्हणजे चार चिंचोके. चिंचोका दगडावर घासून किंवा मधोमध फोडून एक बाजू पांढरी करायची आणि दुसरी काळसर तपकिरी ठेवायची. ओंजळीत खुळखुळवून टाकले की जितके पांढरे वर येतील तितकी घरे चालायची. चारही पांढरे आले तर चंग म्हणजे चार, चारही काळे आले तर अष्ट म्हणजे आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळे. बाहेरच्या घरांतून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत जायचे, आतल्या रांगेत शिरले की दिशा बदलायची आणि शेवटी मधल्या फुलीवर जाऊन सुटायचे. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नसे. आमची आजी चिंचोके टाकताना ते पडायच्या आतच दान ओळखून “चंग!” असे ओरडायची आणि पुष्कळदा ते खरेही ठरायचे, तिचा अंगठा हलका होता असे शेजारणी म्हणत, पण चिंचोके बदलून पाहिले तरी ती जिंकतच असे.

देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा त्या ओट्यावर चकचकीत फरशी बसली. गावाने मनापासून वर्गणी दिली, मीही दिली, आणि फरशीखाली काय गेले हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. त्या पिढीतल्या बायका एकामागून एक गेल्या. मागच्या उन्हाळ्यात मी मुलांना अष्टा-चंगा शिकवायला बसलो तेव्हा मलाच दोन ठिकाणी अडखळायला झाले. सलग तीन वेळा चंग पडला तर डाव जळतो की नाही? दोन सोंगट्यांची जोडी एकट्या सोंगटीला अडवते की नाही? विचारायला जावे अशी दोनच घरे गावात उरली होती.

यातल्या एका घरातले उत्तर मला चटका लावून गेले. आमच्या गावातले एक सुतार कुटुंब तीन पिढ्यांपासून तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो. मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन तोरणाखाली उभी राहतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदीचा तान्हा पोळा तर त्याच्या मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे. या सुतारदादांचे वडील पूर्वी लग्नाच्या रुखवतात ठेवायला सारीपाटाच्या सोंगट्याही कातून देत. मी त्यांच्या पडवीत गेलो तेव्हा सुतारदादा नंदीच्या वशिंडावरून पटाशी फिरवत होते. त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक जुनी सोंगटी काढून माझ्या हातावर ठेवली. सागवानी, बोराच्या आकाराची, डोक्याला बारीक खाच; लाख उडाली होती, पण खाचेत लाल रंग अजून दिसत होता. ते म्हणाले, “मास्तर, अशा सोळा म्या आठ दिसात करून देईन. पण सांगा, खेळाचं कोन सांगन? घेनाऱ्याले खेळता आलं पायजे ना बाप्पा.”

रावेन्सबुर्गच्या घराण्याला जे १८८४ मध्ये उमगले, ते आमच्या गावच्या सुताराला कोणी न सांगता माहीत आहे. हात त्यांच्याकडे आहे, लाकूड आमच्या जंगलांत आहे, मागणी तान्ह्या पोळ्याला दरवर्षी दिसते. खोक्यात घालायचा दोन पानांचा कागद तेवढा नाही, आणि म्हणून वर्षातल्या एका सणापुरते चालणारे काम बारमाही होत नाही. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून केंद्राने भारतीय मानक चिन्ह सक्तीचे केले आहे, या भीतीने काही कारागीर नवे काही करायला धजत नाहीत. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, ही माहिती निदान या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोचावी. आमच्या सुतारदादांनाही ती मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हती.

खेळ तयार करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे की महाराष्ट्रात जो बैठा खेळ विकायला ठेवाल त्यात मराठी नियमांचा कागद घाला. पाकिटावरची किंमत, उत्पादकाचे नाव इत्यादी तपशील हिंदीत किंवा इंग्रजीत असावेत असा वजनमाप कायद्याचा नियम आहे, पण त्याबरोबर आणखी एखादी भाषा छापायला कोणी मनाई केलेली नाही. भाषांतर मात्र खेळ स्वतः खेळून पाहिलेल्या माणसाकडून करून घ्यावे. यंत्राने केलेल्या एका हिंदी पुस्तिकेत मी ‘आपली पाळी’ याऐवजी ‘आपला वळसा’ अशा अर्थाचे हिंदी शब्द वाचले आहेत आणि तसा मराठी कागद मिळण्यापेक्षा न मिळालेला बरा. शाळांसाठी शासन जे खेळसाहित्य घेते त्या खरेदीतच ही अट घातली तर कंपन्या आपोआप वळतील. आमच्या शाळेत असे साहित्य आलेले मी पाहिले आहे. चांगला रंगीत पुठ्ठा, मजबूत खोके, आणि आत इंग्रजी पत्रक असल्यामुळे शिक्षकांनी ते कपाटात कुलूप लावून ठेवलेले. तुटू नये म्हणून ठेवले, असे ते सांगत आणि तेही खरेच होते, कारण नियम न कळलेला खेळ मुलांच्या हातात दोन दिवसांत तुटतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्या अमरावती जिल्ह्यात ऋद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले. गावोगावच्या खेळांचे शब्द आणि नियम गोळा करण्याचे काम या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले तर त्यांना एका उन्हाळी सुटीत पोतेभर मजकूर मिळेल. आठवण असलेली माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत, म्हणून ही सुटी याच वर्षीची असावी.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी मागणी अशी आहे की रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला अर्धा रकाना द्यावा आणि वाचकांकडून आपापल्या गावच्या एका खेळाचे नियम मागवावेत. वाघ-बकरी, नवकंकरी, सारीपाट, अष्टा-चंगा, जे ज्याच्या घरी खेळले गेले ते. खाली सांगणाऱ्याचे आणि गावाचे नाव छापावे. सेलमच्या खेळात लिझी मॅगीबाईंचे नाव बुडाले तसे आपल्या आज्यांचे बुडू नये.

सुरुवात म्हणून आमच्या गावच्या अष्टा-चंग्याचे नियम रेघी कागदाच्या दोन पानांवर लिहून सोबत जोडले आहेत. पट सहावीतल्या त्याच मुलीने पट्टीने आखला आहे. सुतारदादांनी हेच दोन कागद वाचून पाहिले आणि दिवाळीपर्यंत पाच संच करून देण्याचे कबूल केले आहे. नियमांत एका ठिकाणी दोन मते आहेत. वरच्या आळीत दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरता येत नाही आणि खालच्या आळीत ही अट नाही. दोन्ही आळ्यांतल्या म्हाताऱ्या आपापल्या म्हणण्यावर ठाम होत्या, म्हणून मी दोन्ही नियम शेजारी शेजारी लिहिले आहेत. छापताना कृपया त्यातला एकही गाळू नये.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ